तीन एचपीची मोटर

चौक गावच्या किनाऱ्यावर होडी वर ओढायला माणसं लागतात, आणि माणसंच उरली नव्हती. तरणी पोरं सगळी शहरात नोकरीला चिकटलेली. फ्रँकच्या होडीचा दोर ओढायला उरले कोण? बायको कॉनी, शेजारचे दोन म्हातारे आणि लॉराबाय. दोर ओढणाऱ्याला मासळीत वाटा, ही जुनी रीत. नवरा समुद्रात बुडून गेल्यापासून लॉराबायची चूल त्या वाट्यावरच पेटत होती. फुकट दिलं तर बोंबलाचं शेपूटही घ्यायची नाही, अशी मानी बाई!

पण फ्रँकची कंबर धरली आणि दोर गुंडाळत होडी वर ओढणारा विजेचा विंच बसवायचं ठरलं. मोटर घ्यायला तो भाईंदरला गुणवंतशेठच्या दुकानात गेला.

"पाच एचपी घे," शेठ म्हणाले. "होडी एकदा हलली की पुढे सोपं. खरा जोर लागतो रेतीतून सुटताना. छोटी मोटर तिथंच अडकेल, घूं घूं करेल आणि जळेल."

"पाचवाली एकटी ओढील?"

"एकटी! तू बटण दाबून विडी ओढत बस."

फ्रँकला आनंद व्हायला हवा होता. झाला कुठं? रिकाम्या हातानं उभी लॉराबाय डोळ्यांपुढे आली.

"आणि पयला धक्का मानसांनी दिला तर?"

"मग तीन पुरे. पण..."

"तीनचीच द्या."

शेठनी कपाळाला हात लावला.

घरी कॉनीनं फैलावर घेतलं. "अक्कल गहाण टाकली हाय काय?" फ्रँकनं कारण सांगितलं. "लॉराबायला बोलू नको," एवढंच ती म्हणाली.

मोटर बसली त्या दिवशी अख्खा पाडा गंमत बघायला लोटला. दोर ताणला गेला. लॉराबाय मात्र लांबच, टोपली पाठीमागे धरून.

"मोटर आली ना? आता माझं काय काम हाय?"

"होडी रेतीतून सुटल्याशिवाय चालू करता येत न्हाय गं बाय, जळंल ती! खांदा लाव!"

यात खोटं काहीच नव्हतं. तिनं पदर खोचला, होडीला खांदा भिडवला. होडी तसूभर हलली, फ्रँकनं बटण दाबलं, आणि होडी हळूहळू वर आली.

वाटे पडले. लॉराबायनं टोपलीत डोकावून बघितलं आणि कमरेवर हात ठेवले.

"एवढेच? मुडद्या, मोटरचा वाटा माझ्यातनं कापतोस?"

ती हक्कानं भांडतेय हे बघून फ्रँकचा जीव भांड्यात पडला. "मग? ती बी ओढते!" म्हणत तो मुद्दाम हुज्जत घालत बसला, आणि शेवटी हरून त्यानं आणखी दोन मुठी बोंबील तिच्या टोपलीत टाकले.