मध्ये उणे

माझ्या सुनेच्या गिटारला एक खोड होती. सून वाजवायची थांबली तरी स्पीकरमधून घूं घूं चालूच राहायचं. घरात सगळे म्हणायचे, त्यात काय एवढं. मला मात्र तो आवाज दाढेत अडकलेल्या कणासारखा छळायचा. चाळीस वर्षं मी रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले, ट्रान्सफॉर्मर गुंडाळले. दुकान बंद केलं म्हणून कान थोडेच बंद होतात?

तिच्याकडे पायाने दाबायच्या पाच डब्या आहेत. ती त्यांना पेडल म्हणते, मी डब्याच म्हणतो. गिटारचा सूर त्यांतून जातो. एक डबी त्याला गुरगुरायला लावते, एक थरथरवते, आणि निळी त्याचा प्रतिध्वनी काढते. निळी तिच्या कॉलेजपासूनची, आता बाजारात मिळत नाही. या पाचही जणींना वीज एकाच अडॅप्टरमधून, एकाच वायरला फाटे फोडून दिलेली. घूं होणार नाही तर काय होईल.

शनिवारी तिचा कार्यक्रम होता. नात झाल्यानंतरचा, म्हणजे दोन वर्षांतला पहिलाच. शेवटचं गाणं तिने स्वतः केलेलं. ते मध्येमध्ये मुद्दाम थांबतं आणि निळ्या डबीतून मागचा सूर विरत जातो. तिथे घूं ऐकू आलं की सगळ्यावर पाणी.

"प्रत्येकीला वेगळी वीज काढून देतो," मी म्हणालो. "एकीचा दुसरीला त्रास नको."

"बाबा, शनिवारपर्यंत होईल?"

"कोणाला विचारतेस?"

"बाबांना कशाला त्रास देतेस," आमचे चिरंजीव मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले. ज्यांना घरातला बल्ब बदलता येत नाही, त्यांच्या मताला मी उत्तर देत नाही.

तीन दिवस मी टेबलावरून उठलो नाही. एका ट्रान्सफॉर्मरवर तांब्याच्या तारेची पाच वेगळी वेटोळी गुंडाळली. प्रत्येकीला स्वतःचे डायोड, स्वतःचा कपॅसिटर, स्वतःचा रेग्युलेटर. सगळं जुन्या इंटरकॉमच्या पत्र्याच्या पेटीत बसवून पेटीला अर्थिंग दिलं. मीटर लावला तर पाचही ठिकाणी नऊ व्होल्ट. फार दिवसांनी मी स्वतःवर खूश झालो.

गुरुवारी दुपारी सून ऑफिसात होती. हाताशी निळी डबी होती, तीच जोडून पाहिली. जळका वास आला आणि डबीचा लाल दिवा काही लागला नाही.

पिन उपटून मी डबी फिरवली. वीज घालायच्या भोकाशेजारी छोटं चित्र छापलेलं होतं: मध्ये उणे, बाहेर अधिक. मी आयुष्यभर पाहिलेल्या जवळजवळ सगळ्या यंत्रांत याच्या उलट असतं. गिटारच्या डब्यांची रीतच निराळी. चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता. मला सगळं माहीत आहे म्हटल्यावर वाचायचं कशाला?

संध्याकाळी सुनेने येऊन डबी दाबून पाहिली. एकदा, दोनदा. मग माझ्याकडे पाहिलं.

आमच्या धंद्यात एक वाक्य असतं. आपल्या हातून काही बिघडलं की गिऱ्हाइकाकडे न बघता म्हणायचं. चाळीस वर्षांत इतक्या वेळा म्हटलंय की ते माझ्याआधी तोंडातून बाहेर पडलं.

"आधी कोणीतरी हात घातलाय यात."

ती हळूच म्हणाली, "मीच घातला होता. महिन्यापूर्वी बटण साफ करायला उघडली होती. तुम्हाला बघून बघून वाटलं, जमेल आपल्याला." तिने डबी टेबलावर ठेवली. "जाऊ दे. शेवटचं गाणं नाही करत. तुम्ही एवढं सगळं केलंत आणि मीच घोळ घातला. सॉरी बाबा."

नातीला उचलून ती आत गेली. मी बसलो तिथेच.

शुक्रवारी सकाळी डबी उघडली. सुनेचं काम पाहण्यासारखं होतं. बटण लख्ख, स्क्रू जागच्या जागी, एकाही वायरला ओरखडा नाही. शेजारी उलट्या विजेपासून वाचवणारा डायोड मात्र काळा ठिक्कर. बाकीच्यांना वाचवून बिचारा स्वतः जळला होता. तसले डायोड माझ्या डब्यात मूठभर पडलेत. पाच मिनिटांत बदलून म्हणता आलं असतं, घे गं, तुझी चूक दुरुस्त केली. घरभर माझं कौतुक झालं असतं. आणि तिने पुन्हा कधी स्क्रूड्रायव्हर हातात धरला नसता.

ती बूट घालत होती.

"दहा मिनिटं थांब," मी म्हणालो. "डबी मी जाळली. पिन उलटी जोडली. तुझं काम चोख होतं, आणि मी तुझ्यावर ढकललं. माझं चुकलं."

हे शेवटचे दोन शब्द काढायला मला जितका वेळ लागला, तितक्यात मी एक ट्रान्सफॉर्मर गुंडाळला असता.

तिने माझ्याकडे बघितलं. रागावली होती, आणि ते योग्यच होतं. "मी झोपले नाही बाबा रात्री," ती म्हणाली.

"मीपण नाही."

मग तिने एक बूट काढला, एक तसाच ठेवला, आणि खुर्ची ओढली. "दाखवा काय जळलंय."

मी सोल्डरिंग आयर्न तिच्या हातात दिलं. डायोड तिने बदलला, मी फक्त भिंग धरलं. पेटीच्या पाचही पिना मी उलटवून मध्ये उणे केल्या, तिने प्रत्येकीवर मीटर लावला. लाल दिवा लागला तेव्हा तिला ऑफिसला चाळीस मिनिटं उशीर झाला होता. जाताजाता तिने चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरांत "मध्ये उणे" लिहून पेटीवर डकवलं. "तुमच्यासाठी," म्हणाली.

शनिवारी मी तासभर आधीच तिच्याबरोबर हॉलवर गेलो. तिने पाचही डब्या लावल्या, स्पीकर पूर्ण मोठा केला आणि तारांवर हात ठेवला. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. मग तिने एक सूर छेडून सोडून दिला. तो लांब लांब जात विरला, आणि नंतर नुसती शांतता.

तेवढ्यात तिथला साउंडवाला खाली बसला आणि इंटरकॉमची पेटी, वरची चिकटपट्टी बघून कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "यात कोणी हात घातलाय?"

सून काही बोलायच्या आत मी पुढे झालो.

"आम्ही दोघांनी," मी म्हणालो.