उसना आवाज

माणूस गेला की त्याचे गुण आठवतात, पण जुन्या अध्यक्षांचे गुण आठवायला लोकांनी फार वर्षं घेतली. ते गेले तेव्हा कित्येक घरांतून सुटकेचा श्वास बाहेर पडला होता. आता बँकांना कुलपं लागली, दुकानांच्या फळ्या ओस पडल्या, तसे ते एकेकाला आठवू लागले. ‘कडक होते, पण धाक होता.’ ‘मारायचे, पण पोसायचेही.’ टीव्हीवर विद्वान मंडळी त्यांच्या कारभाराचं पारडं तोलत बसायची आणि दर आठवड्याला ते थोडं आणखी जड व्हायचं.

सगळ्यात मोठं वजन होतं एका भाषणाचं. मागच्या टंचाईत, गोदीतला संप चिघळला असताना, अध्यक्षांनी ते रेडिओवरून केलं होतं. आता ते ज्याच्या त्याच्या फोनवर होतं. पावाच्या रांगेत, बसमध्ये, खालच्या न्हाव्याच्या दुकानात तोच जड, थकलेला आवाज. “मला माहीत आहे, आज तुमच्या घरात कोणीतरी खोटं बोललंय. ‘मी जेवले मघाशीच’ असं म्हणून पातेलं पुढे सरकवलंय.”

“काय माणूस होता, काकू!” न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर साबण थापता थापता म्हणायचा. “नाहीतर हे आत्ताचे. ह्यांना पातेलं दाखवलं तर डोक्यावर घालतील, टोपी समजून!”

सगळे हसायचे. काकू मात्र पिशवी छातीशी धरून जिना चढायला लागायच्या. तो आवाज अध्यक्षांचा नव्हता. काकूंच्या नवऱ्याचा होता, आणि त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली होती.

ते रेडिओवरच्या नाटकांत कामं करायचे. राजा, भिकारी, कुत्रा, जो म्हणाल त्याचा आवाज काढायचे. अध्यक्षांची नक्कल तर अशी करायचे की काकू दार लावून घ्यायच्या. मग एका संध्याकाळी गाडी आली आणि त्यांना घेऊन गेली. अध्यक्षांच्या अंगावरून वारं गेलं होतं, जीभ उचलत नव्हती आणि ही गोष्ट देशाला कळू द्यायची नव्हती. नवऱ्यापुढे कागद ठेवला : संप सोडा, कामावर या, कोणाच्या केसालाही धक्का लागणार नाही. यांनी तो वाचला. फक्त एक वाक्य कागदावर नव्हतं. सगळं फार कोरडं वाटतंय म्हणून त्यांनी ते आपल्या मनानं घातलं, आणि काचेपलीकडे बसलेल्या साहेब लोकांना ते फारच आवडलं. ते वाक्य काकूंच्या स्वयंपाकघरातलं होतं. त्या दिवसांत रोज पातेलं पुढे सरकवणाऱ्या काकूच होत्या.

नवऱ्याचा धाकटा भाऊ गोदीत होता, संपात होता. भाषण संपलं तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दारात डोळे पुसत उभा राहिला. “वहिनी, ज्याला एवढं कळतं तो माणूस दगा नाही द्यायचा.”

“भाऊजी, हे येईपर्यंत थांबा,” काकू म्हणाल्या. आवाज त्यांनी ओळखला होता, पण आपल्याच कानांवर त्यांचा विश्वास बसेना.

तो थांबला नाही. सकाळी गोदीचं फाटक उघडलं, माणसं आत गेली आणि आत गेलेल्यांतून काहींना निवडून काढलं गेलं. भाऊजी परत आले नाहीत, त्यांचं काही हातीही लागलं नाही. नवऱ्याला दुपारी घरी सोडलं, तोवर सगळं होऊन गेलं होतं.

त्यानंतर त्यांनी रेडिओ सोडला, चष्म्याच्या दुकानात काचा घासायला लागले. बोलणं जवळजवळ सुटलंच. अगदीच अडलं तर कुजबुजायचे. मीठ हवं असलं, पाणी हवं असलं, की जुन्या सवयीनं नखानं टेबलावर दोनदा टकटक करायचे. त्यांचा मुलगा त्या टकटकीवरच वाढला. तोही अबोल निघाला. काचकारखान्यातले सोबती त्याला मुनी म्हणायचे.

हा मुनी आता काकूंसमोर बसला होता, फोन टेबलावर ठेवून. कारखाना बंद पडला होता आणि कामगार फाटकाबाहेर ठाण मांडून होते. अध्यक्षांचा पुतण्या आता पुढारी झाला होता. ध्वनिक्षेपकाच्या गाडीवरून काकांचं भाषण वाजवत तो सांगत फिरत होता : ठिय्या सोडा, उद्या आत चला, कोणाचं नाव घेतलं जाणार नाही, माझा शब्द.

“उद्या जातोय आम्ही,” मुनी म्हणाला.

“जायलाच हवं,” सून चुलीपाशी पाठमोरी होती. “पोरं काय भिंती चाटून जगतील?”

मुनीचे डोळे ओले होते. त्यानं भाषण पुन्हा लावलं. “आई, खरं सांगू? बाबा एकदा तरी माझ्याशी असे बोलले असते ना! एकदाच. परका माणूस इतक्या वर्षांनी काळजाला हात घालतो, आणि स्वतःच्या बापाचा आवाज कसा होता तेसुद्धा मला सांगता यायचं नाही.”

काकूंनी पदरानं तोंड झाकलं. नवऱ्याला त्यांनी शब्द दिला होता की हे पोराला कधी कळणार नाही. पण दारात डोळे पुसत उभे राहिलेले भाऊजी त्यांना आत्ता, इथे दिसत होते. फक्त तोंडावळा मुनीचा होता.

“तो परका नाही,” त्या म्हणाल्या. “ते तुझे बाबा आहेत.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. सून हातातला डाव तसाच धरून वळली. मुनी आधी हसला, मग चिडला. “आई, दमलीस तू. झोप बघू जरा.”

“लाव परत. त्या वाक्याच्या आधी थांब आणि ऐक.”

“काय ऐकू?”

“ऐक म्हणते ना, मेल्या!”

त्यानं लावलं. वाक्याआधी थोडी शांतता होती, आणि त्या शांततेत अगदी बारीक टक, टक. लोक सांगायचे, अध्यक्षसाहेबांना बोलता बोलता पेन आपटायची सवय होती. मुनीची मान हळूहळू खाली गेली. तो टेबलाकडे बघत राहिला, बाबा जिथे बसायचे त्या बाजूला.

“मग काकाला… बाबांनी?”

“कागद सरकारचा, माणसं सरकारची. मारलं त्यांनीच. पण भाऊजींनी विश्वास ठेवला तो माझ्या पातेल्यावर.”

“आणि साहेब? त्यांना आपलं काही कळत होतं का?”

“मला नाही ठाऊक रे. ते काय म्हणाले असते ते कोणीच ऐकलेलं नाही.”

सून पुढे आली, तिनं फोन उचलून पालथा घातला. जेवणं झाली, पण त्या दिवशी कोणी काही मागितलं नाही.

उजाडता उजाडता खालून हाका आल्या. “मुनी! ए मुनी, चल, उशीर होतोय!”

मुनीनं सदरा चढवला. काकूंनी विचारलं, “जातोस?”

“कामावर नाही जात,” तो म्हणाला. “त्यांना अडवायला जातो.”

काकू खिडकीशी आल्या. त्याला घरी ठेवायला म्हणून जे बोलल्या, तेच त्याला फाटकाकडे घेऊन चाललं होतं. खाली तो सोबत्यांच्या मध्ये उभा होता आणि बोलत होता, कधी नाही ते हातवारे करून. कोणीतरी हसलं. “अरे, मुनीचं मौन सुटलं, पण डोकं फिरलं की!” दुसऱ्यानं उत्तर म्हणून फोनवर भाषणच लावलं, मोठ्यानं. घोळका चालू लागला. मुनी एकाची बाही धरून त्याच्या बरोबरीनं ओढला जात होता.

“आई, तुम्ही कुठे निघालात?” सुनेनं विचारलं.

“त्याचं कोण ऐकणार? त्यानं तर बापाचा तो आवाज घरात कधी ऐकलाच नाही. मी त्या आवाजाबरोबर संसार केलाय.” काकूंनी चपला सरकवल्या. “तू पोरांपाशी थांब.”

कठडा धरून, एका गुडघ्याची समजूत काढत, त्या उतरल्या. न्हावी दुकानाची फळी उघडत होता. आत फोन चालूच होता.

“काय काकू, एवढ्या सकाळी?”

“बंद कर तेवढं,” काकू म्हणाल्या. “आमच्या ह्यांचा आवाज आहे तो.”

न्हावी हसायला लागला. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून हसू त्याच्या तोंडातच राहिलं. त्यानं फोन बंद केला आणि फळी तशीच धरून उभा राहिला.

गल्लीत शांत झालं. मग फाटकाच्या दिशेनं गाडीवरचा भोंगा सुरू झाला, जड आणि थकलेला. आतल्या खोलीतून ह्यांनी हाक मारावी आणि हातातलं काम टाकून जावं, तशा काकू त्या आवाजाकडे चालू लागल्या.