फाटकावरची नावडती पाटी

मी ड्रमफार्डीच्या फुटबॉल मैदानाच्या फाटकावरची पाटी बोलतेय. मला पाहून कुणाचा चेहरा खुलला, असं फार वर्षं घडलंच नाही. लोक वळणावरून येतात, मान उंचावून मला वाचतात आणि तोंड वाकडं करून मागे फिरतात. कुणी शिवी हासडतं, कुणी फाटकाला लाथ मारतं. एका धर्मगुरूंनी तर मला बर्फाचा गोळा मारला होता. माझा गुन्हा एवढाच की माझ्या अंगावर लिहिलंय, ‘सामना पुढे ढकलला आहे’.

मी जन्माने पाटी नाही. वॉटी गिलफिलनच्या आईच्या कपाटाचं मी दार होते. तेव्हा माझ्याआड कोट टांगलेले असत, आता मलाच टांगतात. म्हातारी गेल्यावर ते कपाट काही केल्या जिन्यातून खाली उतरेना, म्हणून वॉटीने ते मोडलं. मला मात्र त्याने जपून ठेवलं. वॉटी या मैदानाचा माळी. त्याआधी तो पुठ्ठ्यावर खडूने लिहायचा आणि ज्या पावसामुळे सामना रद्द व्हायचा तोच पाऊस अक्षरंही धुऊन न्यायचा.

वॉटीने मला पांढरा रंग दिला आणि काळ्या रंगात ब्रश बुडवला. ‘सामना’ हा शब्द त्याने असा ऐसपैस लिहिला की पुढच्या मजकुराला जागाच उरली नाही. शेवटची अक्षरं बिचारी एकमेकांना कोपर मारत उभी आहेत.

“आधी मोजून घ्यायचं असतं, वॉटी,” त्याची बायको सेंगा म्हणाली. मैदानावरची चहाची खोली ती चालवते.

“वाचता येतंय ना?”

“येतंय. पण धाप लागते.”

हे वाक्य गावभर झालं. आजही मला वाचताना लोक मुद्दाम छातीवर हात ठेवून धापा टाकतात. मीही आता मनावर घेत नाही.

स्कॉटलंडातल्या हिवाळ्याला माझ्यावाचून करमत नाही. कधी मैदान गोठून दगड होतं, कधी त्यावर गुडघाभर पाणी साचतं, तर कधी धुकं असं उतरतं की गोलरक्षकाला स्वतःचे बूट दिसत नाहीत. शनिवारी सकाळी पंच येतात. चेंडू खाली टाकून तो उसळतो का बघतात, टाचेने जमीन दाबतात. वॉटी खिशात हात घालून शेजारी उभा असतो. डॉक्टर आपल्या घरातल्या माणसाला तपासत असताना व्हावा, तसा त्याचा चेहरा होतो. पंचांनी नकाराची मान हलवली की मला चहाच्या खोलीतल्या भिंतीवरून काढून फाटकावर टांगलं जातं.

एका डिसेंबरात खूप बर्फ पडला. सामना महत्त्वाचा होता, म्हणून सगळं गाव फावडी घेऊन आलं. बाया आल्या, पोरं आली, बर्फ मारणारे धर्मगुरूही आले. सकाळपासून खपून त्यांनी मैदान असं हिरवंगार उघडं केलं की वॉटीचे डोळे भरून आले. आणि मग निरोप आला की पंचांची गाडी खिंडीत बर्फात रुतली आहे. मैदान साफ करताना रस्ता साफ करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी त्या हिरव्या मैदानाच्या फाटकावर वॉटीने मला टांगलंच. त्या फावडेवाल्यांसाठी सेंगाने मटणाचं सारण भरलेल्या सगळ्या पाई गरम केल्या, एवढंच काय ते सुख.

तेव्हापासून गावात एकच वाद पेटला. जानेवारीभर सामने बंदच ठेवावेत की नाही? वॉटी सुट्टीच्या बाजूने. “गवतालाही श्वास घेऊ द्या,” तो म्हणायचा. “हिवाळ्यात ढकललेले सामने वसंतात अंगावर येतात. आठवड्याला तीन-तीन सामने. पोरं लंगडायला लागतात आणि मैदानाचं शेत होतं.”

सेंगा विरोधात. “आणि बर्फ तुझ्या तारखा बघून पडणार आहे का? जानेवारीत बंद ठेवाल आणि फेब्रुवारीत पडेल.”

हा वाद न्याहारीला सुरू व्हायचा, मैदानावर चालू राहायचा आणि झोपताना अर्धवट सुटायचा. मी तो दोन्ही बाजूंनी पाठ केलाय.

माझ्या आयुष्यातला खरा दिवस मात्र त्यानंतरच्या डिसेंबरातला. मैदान गोठलं होतं, पंचांनी पहाटेच फोनवर नकार कळवला. एवढ्या लवकर सामना रद्द झाला की सेंगाने चुलीला हातही लावला नाही. वॉटी मला टांगून घरी गेला. गावात सगळ्यांना कळलं होतं, त्यामुळे कुणीच फिरकलं नाही. मला वाटलं, आज शिव्यांचीही सुट्टी.

दुपारी वळणावरून मर्डो केर्न्स आला. मर्डो म्हणजे जुना गिरणीवाला, त्याची बायको ईना दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. दोघं कायम कोपऱ्यातल्या झेंड्यामागे उभे राहून सामना बघायचे. ईना गेल्यावरही तो तिथेच उभा राहतो, शेजारी एका माणसाची जागा सोडून. गळ्यात तोच मफलर, हातात चहाचा थर्मास. त्याने मला वाचलं. मागे मात्र फिरला नाही.

“काय बाई, पुन्हा तूच का?” तो मला म्हणाला. मग फाटकाला पाठ टेकून त्याने थर्मासच्या झाकणात चहा ओतला. “घरी बसून काय करू? भिंतींशी बोलून झालं सगळं. म्हटलं, तुला तरी भेटून यावं.”

मला इतकी वर्षं झाली, पण माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. मला उत्तर देता येत नाही याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं.

वॉटी हातमोजे विसरला होता, ते न्यायला तो तेवढ्यात मागच्या बाजूने आला. त्याने हे सगळं ऐकलं आणि मग उगाच खाकरला.

“मर्डो, आज सामना नाही हो.”

“वाचता येतं मला. धाप लागते, पण येतं.”

“मग थंडीत इथे काय करताय?”

“तीन वाजायची वाट बघतोय. सामना सुरू व्हायची वेळ झाली की जाईन.”

हातमोजे न घालताच वॉटी मर्डोच्या शेजारी उभा राहिला. दोघं त्या पांढऱ्या रिकाम्या मैदानाकडे बघत होते. मर्डोने त्याला झाकणातला चहा दिला. चर्चच्या घड्याळात तीन वाजले, तेव्हा मर्डोने थर्मास बंद केला, “चला, येतो,” म्हणाला आणि गेला. त्याला जाताना वॉटी वळणापर्यंत बघत राहिला.

नवीन वर्षात क्लबची सभा भरली. सुट्टी हवी की नको, हे प्रत्येक क्लबने स्पर्धेच्या मंडळाला कळवायचं होतं. सभा चहाच्या खोलीत होती आणि बर्फ वितळल्यामुळे मीही तिथेच भिंतीला टेकून होते. क्लबच्या अध्यक्ष डेव्हिना मीकल यांनी वॉटीला बोलायला सांगितलं. सेंगाने हाताची घडी घातली. मर्डो मागच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता. सुट्टीच्या बाजूने नाही, विरुद्धही नाही. त्याने आजवर कुठल्या सभेत हात वर केल्याचं कुणाला आठवत नाही.

“मला सुट्टी हवीच आहे,” वॉटी म्हणाला. सेंगाने छताकडे बघितलं. “पण सुट्टी गवताला द्या. फाटकाला नको. जानेवारीतही शनिवारी फाटक उघडं राहील आणि ही खोलीही. दुपारी तीनला, नेहमीसारखं. सामना नसला म्हणून माणसं काय घरात गोठवून ठेवायची?”

सेंगाने विचारलं, “आणि पाई कोण गरम करणार?”

“तू.”

“आणि भांडी?”

वॉटीने खिडकीबाहेर बघितलं, बुटांकडे बघितलं. “मी.”

या माणसाने संसारात कधी कप विसळलेला कुणी पाहिला नव्हता. डेव्हिनाबाई म्हणाल्या, “आता हे लिहून घ्या, नंतर फिरेल तो.” हसण्याच्या गोंधळातच हात वर झाले. सेंगाचा हात सर्वांत शेवटी वर गेला, आणि तोही कोपरातून वाकलेला. मर्डोने मात्र टोपी धरलेला हात सरळ वर केला.

बाकीच्या क्लबांचंही तेच ठरलं. पुढच्या जानेवारीत पहिली सुट्टी. आणि त्या महिन्यात काय व्हावं? आकाश निळंशार, वारा नाही, मैदान गालिच्यासारखं. एवढा सुंदर जानेवारी मी जन्मात पाहिला नव्हता. सेंगा दर सकाळी खिडकी उघडून म्हणायची, “वा वॉटी, काय सुट्टी निवडलीस.” फेब्रुवारीत अर्थातच बर्फ पडला आणि मी ओळीने तीन शनिवार टांगली गेले.

पण त्या जानेवारीच्या पहिल्या शनिवारी वॉटीने मला खाली उतरवून टेबलावर आडवं केलं. माझ्या खालच्या कडेला चार बोटं जागा रिकामी होती. या वेळी सेंगाने टेप धरला, पेन्सिलने रेघ मारली, आणि ती सांगेल तसं वॉटीने लिहिलं. रंग वाळल्यावर मला फाटकावर चढवलं.

दुपारी वळणावरून मर्डो आला. मफलर होता, थर्मास नव्हता. वरची ओळ त्याने नेहमीसारखी वाचली. मग पुढे झुकून, डोळे बारीक करून खालची वाचली, ‘चहा तयार आहे’.

“ही बरी लिहिलीये,” तो मला म्हणाला. “अजिबात धाप लागली नाही.”

आतून भांडी आपटल्याचा आवाज येत होता. “अरे, साबण लावून घास,” सेंगा कुणाला तरी सांगत होती. मर्डो हसला आणि आत गेला. उघड्या दारातून मला दिसलं, बाकावर बसताना त्याने शेजारी जागा सोडली होती. वॉटी ओले हात पुसत आला आणि तिथे बसला.

आता माझा रंग उडालाय, एक कोपरा कुजलाय. अजून काही हिवाळे निघतील. तुम्ही कधी ड्रमफार्डीला सामना बघायला आलात आणि फाटकावर मी दिसले, तर मला खुशाल शिव्या घाला, मला सवय झालीये. फक्त मला अर्धवट वाचून मागे फिरू नका. फाटक नुसतं लोटलेलं असतं.