सहाच्या अंगावर सात

एवारिस्तो रिबोनने सकाळी फोटोवाल्याच्या काचेला नाक लावलं, ते अकरा वाजेपर्यंत काढलं नाही. मोम्पोसमध्ये कुणी भर उन्हात उभं राहिलं तर चार माणसं कारण विचारतात, पण त्याला कुणी विचारलं नाही. हा घड्याळजी जुन्या नाण्यांपायी मासळीबाजारातसुद्धा भिंग घेऊन फिरतो, हे गावाला पाठ होतं.

काचेमागे एका लग्नाचा मोठा केलेला फोटो होता. पाद्र्यासमोर, तिथल्या लग्नाच्या रिवाजाप्रमाणे, नवऱ्याने नवरीच्या ओंजळीत सोन्याची तेरा नाणी ओतली होती. सगळ्यात वरचं नाणं अगदी कॅमेऱ्याकडे तोंड करून बसलेलं. पोपायानच्या टांकसाळीचं. आणि त्यावरच्या सालात, सातच्या पायाशी, खालच्या सहाचं गोल पोट डोकावत होतं.

म्हणजे असं, की टांकसाळीत नवं वर्ष उजाडलं, नवा ठसा कोरायचा कुणाला तरी कंटाळा आला, आणि त्याने जुन्याच ठशात सहाच्या अंगावर सात ठोकून दिला. कामचुकारपणाच तो. पण दोनशे वर्षांनी शहाणीसुरती माणसं त्यापायी वेडी होतात. सोनं काय, कुठल्याही सोनाराकडे मिळतं. राजाच्या शिक्क्याआडून एका आळशी कारागिराचा हात दिसणं, ही चैन वेगळी. एवारिस्तोने असं नाणं एका लिलावाच्या यादीत अंधुक छापलेलं तेवढं पाहिलं होतं. गेली बावीस वर्षं तो त्याच्या मागावर होता.

ती तेरा नाणी दोन्या नातिविदादची, म्हणजे नातिविदादबाईची. गावातली निम्मी लग्नं तिच्या उसन्या नाण्यांवर लागलेली. एवारिस्तो तडक तिच्याकडे गेला. म्हातारी दारातल्या झुलत्या खुर्चीत वारा घेत होती.

"दोन्या, एकदा नुसती बघू द्या. हात लावणार नाही."

"ती नवरा-नवरीने बघायची असतात. तू कुणाचा नवरा आहेस?"

"अजून नाही."

"अजून नाही म्हणे. अकरा वर्षं त्या एदेल्मिराला ताटकळत ठेवलंयस आणि वर माझ्या दारात येतोस. लग्न कर, तेराच्या तेरा तुझ्या हातात देते."

एवारिस्तो अर्ध्या वाटेपर्यंत खजील होता. उरलेल्या वाटेत त्याने तारीख ठरवली.

एदेल्मिरा काब्रालेस सोनार होती. तिने सोन्याच्या तारेतून वळलेली फुलपाखरं पार कार्ताहेनापर्यंत जात. एवारिस्तो रोज संध्याकाळी तिच्याकडे येऊन बसायचा आणि लग्नाचं निघालं की कारण सांगायचा. आधी दुकानाचं छप्पर, मग आईचं सुतक, मग नदीचा पूर. त्या दिवशी मात्र तो उभ्या उभ्याच म्हणाला, "पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी आपण लग्न करू."

तिने चिमटा खाली ठेवला. "ताप आहे का तुला?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि चिमटा उचलला.

त्यानंतर एदेल्मिरा काम करताना गुणगुणायला लागली. तिने नवे बूट घेतले आणि ते पायात बसावेत म्हणून घरात घालून फिरू लागली. ते बूट दिसले की एवारिस्तो नजर चुकवायचा. लग्नाआधीच्या गुरुवारी त्याला राहवेना. भर दुपारी तो तिच्या कारखान्यात जाऊन उभा राहिला.

"दोन्याच्या नाण्यांत एक सहावर सात आहे. ते हातात यावं म्हणून मी लग्नाचं बोललो. आता तुला काय करायचं ते कर."

"ठाऊक आहे मला."

"कसं काय?"

"दर वर्षी ती नाणी धुवायला माझ्याकडेच येतात. तो सहा मी चार वर्षांपूर्वी पाहिला. फोटोतली नवरी माझी भाची, एवारिस्तो. फोटोच्या वेळी तिच्या ओंजळीत ते नाणं तसं वर कुणी ठेवलं असेल?"

तो मटकन स्टुलावर बसला. "चार वर्षं? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू आपणहून लग्नाचं बोलशील असं वाटायचं. मग माझाच धीर सुटला, म्हणून ते आमिष लावलं; दोन्या लग्नाशिवाय नाणी दाखवत नाही, हे मला ठाऊक होतं. लाज वाटते मला त्याची." उठून तिने कपाटातून फडकं काढलं आणि त्यातलं नाणं त्याच्यापुढे ठेवलं. "शनिवारसाठी तेराही कालच आलीत. बघ, पोटभर बघ. त्यासाठी लग्नाची गरज नाही. बघून झालं की काय ते सांग."

ती पाठ फिरवून कामाला बसली. हातातली तार काही हलत नव्हती.

एवारिस्तोने डोळ्याला भिंग लावलं. "घासत नाहीस ना गं?"

"कोमट पाणी आणि साबण. कढई आहे का ती?"

"एदेल्मिरा, इकडे ये. हे बघ, पठ्ठ्याने सात दोनदा ठोकलाय. पहिला घाव चुकला."

"तीनदा. डावीकडे बघ."

त्याने डावीकडे पाहिलं. होता तिसरा घाव, केसाएवढा. गावात आजवर प्रत्येकाने त्याला एकच विचारलं होतं, की याचे किती पेसो येतील. तिसरा घाव दाखवणारी ही पहिलीच. एका भिंगावर दोघांची ओढाओढ अर्धा तास चालली. मग त्याने नाणं फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिलं.

"शनिवार ठरलाय तो ठरलाय," तो म्हणाला.

"का? बघून तर झालं."

"झालं. पण दिसल्या दिसल्या मी हाक मारली ती तुला. दुसऱ्या कुणाला दाखवायचं मनातच आलं नाही."

एदेल्मिराने फडकं घट्ट धरलं. "एवढं बोलायला अकरा वर्षं लागतात का रे?"

"लागायला नको होती," एवारिस्तो म्हणाला.

मग मात्र ती रडली.