अर्धा कोश

मित्रांनो, एका पत्राचं उत्तर फार दिवस राहून गेलं होतं. ते पत्र माझ्याच पानांत खुणेसारखं पडून होतं. मी एक जुना ग्रीक शब्दकोश आहे, आणि तोही अर्धाच. आमचे खंड दोन. आमचे मालक वारल्यावर त्यांच्या दोन मुलांनी वाटण्या केल्या, तेव्हा पहिला खंड, म्हणजे मी, थोरल्याकडे आलो आणि दुसरा धाकट्याकडे गेला. कुणावर अन्याय झाला नाही म्हणून नातेवाइकांनी वाहवा केली. मी मात्र हबकलोच. शिकलीसवरली माणसं शब्दकोशाचे दोन वाटे करतात?

त्यानंतर भावाभावांत बोलणं उरलं नाही. मग एकदा धाकट्याने लिहिलं, "दादा, बायबलमध्ये 'अपोकातास्तासिस' असा शब्द आहे. तो तुझ्याकडच्या खंडात असेल. अर्थ कळवशील का?"

थोरला पडला भिडस्त आणि शंकेखोर. 'भरपाई' लिहायचा, खोडायचा. 'पुनर्स्थापना' लिहायचा, फाडायचा. चूक निघाली तर? शेवटी पत्रासकट मला फळीवर ठेवलं आणि मी धूळ खात पडलो.

काल तीच धूळ झटकायला त्याची बायको स्टुलावर चढली आणि धाडकन पडली. खांदा निखळला. ती कण्हू लागली. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्यांनी हात धरून असा काही ओढला, की थोरलाच पांढराफटक पडला. खट् आवाज झाला आणि कण्हणं थांबलं.

"नवीन काही केलं नाही हो काका," बाई म्हणाल्या. "जिथलं होतं तिथे बसवलं."

थोरल्याने मला खाली काढलं. अपो म्हणजे परत. पुढचा भाग, जागी उभं करणं. बायबलातल्या माणसाचा वाळलेला हात पूर्ववत झाला, तिथे याच शब्दाचं क्रियापद आहे. ओलिसांना त्यांच्या गावी परत पाठवणं, त्यालाही हाच शब्द. 'ओलीस' वाचताना त्याचं बोट थबकलं. कुणी थोबाडीत मारावी तसा तो माझ्याकडे, आपल्याच फळीवरच्या ओलिसाकडे, बघत राहिला.

"अहो," गळ्यात हात बांधलेली बायको म्हणाली, "भाऊजींना नुसता अर्थच हवा असता, तर त्यांनी बाजारातून नवा कोश आणला नसता का?"

मित्रांनो, वाटणी करायचीच तर भांड्याकुंड्यांची करा. जोडीने जन्मलेल्यांना एका फळीवर राहू द्या.

त्याने मला खाकी कागदात बांधलं. आत एकच ओळ लिहिली: 'अर्थ यात आहे. दोघांना शेजारी ठेव. मी भेटायला येतो.' पोस्टाच्या खिडकीत माझ्यावर धप्पकन शिक्का बसला, तेव्हा कुठे मला कळलं, की उत्तर म्हणून मीच निघालो आहे.