नाही म्हणण्याची तालीम

सादिरकुलची जीभ चमच्याने दाबून धरत डॉक्टरबाईंनी जाहीर केलं, "बोलणं ही मानवी मेंदूची सर्वांत महान कामगिरी आहे! ओठ, जीभ, टाळू, घसा, श्वास, सगळ्यांना एकाच क्षणी हुकूम सुटतात. यांच्या मेंदूतली हुकूम देणारी जागाच पक्षाघाताच्या झटक्यात गेली. आता यांच्या तोंडून एकही शब्द..."

चमचा जरा आत सरकला. सादिरकुलने डॉक्टरबाईंच्या आईचा, आजीचा आणि त्यांच्या घराण्यातल्या तमाम गाढवांचा इतका खणखणीत उद्धार केला, की दाराशी उभ्या असलेल्या सुनेने, सालकिनने, डोक्यावरचा रुमाल कानांवर ओढून घेतला.

डॉक्टरबाई मात्र खूश दिसल्या.

"शिव्यांचं वेगळं असतं," त्या म्हणाल्या. "त्या तयार असतात. जन्मभर घोकलेलं आपोआप बाहेर पडतं. मनातलं नवं बोलायचं तर प्रत्येक हालचाल जुळवावी लागते, आणि जुळवणारा कारागीरच राहिला नाही. जीभ धडधाकट आहे हो. कुठे जायचं ते तिला कळत नाही, एवढंच."

नारिन नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या गावात सादिरकुलने दुवा दिल्याशिवाय कुणाचं लग्न ठरत नसे. झटक्यानंतर शेजारच्या बारशाला त्याला सवयीने नेऊन बसवलं. कुणीतरी त्याचे तळहात उघडून धरले मात्र, आणि म्हाताऱ्याच्या तोंडून अख्खी दुवा धबधब्यासारखी कोसळली. देवाने फालतू शब्द काढून घेतले आणि पवित्र तेवढे ठेवले, असा निकाल गावाने लावून टाकला. त्या दिवसापासून सादिरकुलला स्वतःसाठी पाणी मागता येत नव्हतं. पण इतरांच्या मेंढरांसाठी, सुनांसाठी आणि एकाच्या जुन्या जीपसाठी तो देवाकडे भरभरून मागत होता.

अशात बेगीमायचं, त्याच्या नातीचं, स्थळ आलं. मुलाच्या बापाचे ट्रक होते. मुलाचं स्वतःचं काय होतं, हे अजून कुणी सांगितलं नव्हतं. नर्सिंगचं शिक्षण सोडून तिने त्या घरी जायचं, असं ठरत होतं.

"मला नाही करायचं, बाबा," बेगीमाय म्हणाली.

"मुली असंच म्हणतात," तिचा बाप एर्किन म्हणाला. "तुझी आईसुद्धा म्हणाली होती."

"मग?"

"मग काय! बघ, किती सुखात आहे."

चुलीशी वाकलेल्या सालकिनने पातेलं जरा जोरातच आदळलं.

"हे बघ," एर्किन म्हणाला, "आजोबांनी नाही म्हटलं तर मी सोयरीक मोडीन. पण त्यांच्या तोंडून यायला हवं. मान हलवलेली चालणार नाही."

तेही खरंच होतं. झटक्यापासून म्हाताऱ्याची मान सदानकदा डुलत असे. त्या मानेच्या होकार-नकाराला कुणी विचारत नव्हतं. उजवा हातही मेलेल्या माशासारखा मांडीवर पडून असे.

मग तबेल्यात तालीम सुरू झाली.

"टोक वर, आजोबा. दातांच्या मागे. आता नाकातून हवा. ना... ही."

सादिरकुलला शब्द स्वच्छ दिसत होता, अगदी समोरच्या घोडीइतका. पण जीभ परक्या अंगणात शिरलेल्या शेळीसारखी गालाकडे जाई, ओठांवर आपटे, परत फिरे.

"मा... मा..."

"मामा? मामाला बोलावू? तो तर बाबांपेक्षा वाईट आहे." ती हसली, आणि हसता हसता तोंड फिरवून बसली.

सादिरकुलने मूठ आवळली, पुन्हा सुरुवात केली. एका सकाळी जीभ चुकून जागेवर लागली.

"ना... ही."

"घोडीला म्हणालात की मला?" बेगीमायने त्याच्या टोपीचा मुका घेतला. "कुणाला का असेना! असंच म्हणा, आजोबा. एकदाच."

पाहुणे आले. मेंढीचं डोकं मानाने सादिरकुलपुढे ठेवलं गेलं. तळहात उघडू नये म्हणून डावा हात त्याने मांडीखाली घट्ट दाबून धरला होता. दाराच्या चौकटीशी बेगीमाय उभी होती.

"अक्साकाल, तुम्ही वडीलधारे, दुवा द्या," मुलाचा बाप म्हणाला. "तुमच्या तोंडून ऐकायलाच आलोय."

सादिरकुलने तोंड उघडलं. जिभेचं टोक वर निघालं. कपाळावर घाम आला.

"न्... न्..."

एर्किनचे डोळे भरून आले. म्हातारा आपल्यासाठी एवढा झटतोय, हे त्याला बघवेना. तो बापाशेजारी गुडघ्यांवर बसला.

"थांबा बाबा, मी मदत करतो," तो हळूच म्हणाला. त्याने मांडीखालचा हात हलकेच सोडवला, लुळा हात उचलला, आणि दोन्ही तळहात आभाळाकडे उघडून खालून आधार दिला.

सादिरकुलने दात आवळले. उपयोग झाला नाही. छातीतून तोच जुना भरदार आवाज उठला: चूल कधी विझू नये, दार कधी अडू नये, पोरं कोकरांसारखी वाढावीत, दोघांनी एका उशीवर म्हातारं व्हावं. एक शब्द अडखळला नाही. शेवटी एर्किनने बापाचे हात त्याच्याच तोंडावरून फिरवले.

"ओमिन!" सगळे म्हणाले. मुलाचा बाप रडत होता. इतकी सुंदर दुवा त्याने जन्मात ऐकली नव्हती.

चौकटीत आता कुणी नव्हतं.

पाहुणे गेल्यावर बेगीमाय चहा घेऊन आली. तिच्या कानांत सासरची नवी कर्णफुलं होती. तिने आजोबांचा पियाला काठोकाठ भरला आणि पुढे सरकवला. त्या घरात असा पियाला फक्त नकोशा पाहुण्याला मिळे: प्या आणि उठा. आपल्या माणसाला थोडा थोडा ओतायचा, म्हणजे परत भरायच्या निमित्ताने जवळ बसता येतं.

सादिरकुल पियाल्याकडे बघत राहिला. मग त्याचे ओठ हलायला लागले. जीभ वर गेली, चुकली, परत निघाली. मानेच्या शिरा ताठ झाल्या.

बेगीमाय थांबली. आता 'नाही' आलं तरी उपयोग नव्हता. तरी ती वाकली.

"बोला, आजोबा."

"अर्... अर्धा," तो म्हणाला. "अर्धा दे."