सुतळीच्या पलीकडची पानं

कॅनबेरात कायद्यानं माणशी गांजाची दोन झाडं लावायला परवानगी दिली आणि शेहेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच यूरे आणि नेवेन्काची वाटणी झाली. मागच्या अंगणातल्या वाफ्यात यूरेनं मधोमध सुतळी ताणली. इकडची दोन झाडं त्याची, तिकडची दोन तिची. घर, गाडी, दातांचा डॉक्टर, शेजाऱ्यांशी भांडणं, सगळं एकत्र; फक्त गांजा वेगळा. सुतळी मात्र नेवेन्कानं स्वतः ओढून घट्ट केली, कारण तिला नवऱ्याचे हात चांगले ठाऊक होते.

ते हात पानं खुडणारे होते. क्रोएशियात बापाच्या द्राक्षमळ्यात यूरेचं लहानपण गेलं. तिथे घडावर सावली पडली की बाप कानाखाली वाजवायचा. तेव्हापासून कुठल्याही फळाफुलाआड पान दिसलं की याचे हात शिवशिवायचे. फेब्रुवारीत झाडांना फुलोरा आला, की कॉफी पिऊन झाल्याबरोबर हा कात्री घेऊन वाफ्यात. तुऱ्यांवर सावली धरणारं पंज्याएवढं पान पकडायचं, देठ नखाएवढा राखायचा आणि तिरका काप द्यायचा, ही बापाची शिकवण.

"नागडं केलंस रे बिचाऱ्याला," नेवेन्का सुतळीपलीकडून म्हणायची.

"ऊन लागू दे, वारा खेळू दे. तुझ्या झाडात पोपट शिरला तर इस्टरला बाहेर येईल."

"पान म्हणजे झाडाचा स्वयंपाक. पाहुणे दारात आले असताना चूल फोडतात का कुणी?"

"बुरशी येणार तुझ्या चुलीला. बघच तू."

"आली तर माझी मी बघेन. सुतळीच्या अलीकडे हात आला, तर त्या कात्रीनं तुझ्या मिशा उतरवीन."

हे सगळं गमतीचं वाटे, पण यंदा त्यात एक खरी गोष्ट अडकली होती. यूरेला घर विकून समुद्रकाठी, बेटमन्स बेला, भावाच्या, म्हणजे ब्रांकोच्या शेजारी राहायला जायचं होतं. कॅनबेराच्या थंडीत त्याचे गुडघे धरायचे. हिवाळ्यात सकाळी मागच्या तीन पायऱ्या तो बसून उतरायचा आणि कुणी पाहिलं तर काहीतरी शोधत असल्याचं सोंग करायचा. नेवेन्काला मात्र हे घर सोडायचं जिवावर आलं होतं. इथल्या भिंतींच्या विटा दोघांनी मिळून वाहिल्या होत्या. शिवाय समुद्र पडला दुसऱ्या राज्यात, तिथे गांजाचं एक रोपसुद्धा लावता येत नाही. मग शनिवारच्या चहाबरोबरचं ते गांजाचं अर्धं अर्धं बिस्किट कुठून आणायचं?

वाद मिटेना, तेव्हा पैज लागली. पानं खुडून झाड चांगलं येतं की न खुडता, हे इस्टरला ठरवायचं. यूरे जिंकला तर घर विकायचं. नेवेन्का जिंकली तर समुद्राचं नाव पुन्हा काढायचं नाही. निवाडा शेजारच्या ग्वेंडाबाईंचा. त्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आणि नेवेन्काच्या सफरचंदाच्या स्ट्रूडेललाही भीक न घालणाऱ्या.

मार्चच्या मध्यावर नेवेन्का नातवाच्या वाढदिवसाला चार दिवस सिडनीला गेली आणि नेमका तेव्हाच कॅनबेरात पाऊस धरून बसला. तिकडे ती सारखी खिडकीतून ढग पाहायची. आपली झाडं दाट, वारा आत शिरायला जागा नाही, हे तिला कळत होतं. पण फोनवर विचारणं म्हणजे हार मानणं. तिनं फक्त विचारलं, "जेवतोस ना वेळेवर?"

"जेवतो की," यूरे म्हणाला. "पाऊस आहे. बसून आहे घरात."

परतली तर तिची झाडं पहिल्यासारखीच डेरेदार. उलट यूरेच्या एका झाडाचे वरचे तुरे तपकिरी पडून कुजले होते. "पावसानं खाल्लं," तो एवढंच म्हणाला आणि सोफ्यावर पाय वर घेऊन पडून राहिला. गुडघे पावासारखे सुजलेले. "बसून बसून आखडलेत," म्हणे.

नेवेन्का मनातल्या मनात नाचली. दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना कुंपणावरून ग्वेंडाबाई म्हणाल्या, "नवऱ्याला चांगलंच कामाला लावून गेली होतीस गं. तीन दिवस भर पावसात तुझ्या झाडांपाशी गुडघे टेकून होता, छत्री मानेत अडकवून. स्वतःच्या झाडांवरचं पाणी झटकायलासुद्धा उठला नाही."

"माझ्या झाडांपाशी?"

"तुझ्याच. सुतळीच्या त्या बाजूला."

नेवेन्का ओले कपडे टोपलीत टाकून वाफ्यात गेली. झाडाच्या बाहेरच्या फांद्या तिनं पडद्यासारख्या बाजूला केल्या. आत सगळं मोकळं होतं. आतली पानं एकूण एक गेलेली, नुसते देठ उरलेले; नखाएवढे, तिरके कापलेले. दोन ठिकाणी कुजका तुरा मुळापासून काढून टाकलेला. बाहेरची पानं मात्र तशीच ठेवली होती, तिला कळू नये म्हणून. तिला राग आला, मग भरून आलं, मग पुन्हा राग आला, कारण आता करायचं काय?

तिनं काहीच केलं नाही. मूग गिळून बसली. घर वाचत होतं आणि त्यासाठी फक्त गप्प राहायचं होतं. पण हिवाळा तोंडावर येऊन एप्रिलमध्ये पहिलं दहिवर पडलं, तेव्हा यूरे पायऱ्या बसून उतरताना तिला दिसला. तिला पाहताच तो जमिनीवर हात फिरवत म्हणाला, "बटण पडलंय कुठेतरी." त्याच्या अंगात बिनबटणाचा स्वेटर होता.

इस्टरच्या शनिवारी ग्वेंडाबाई चष्मा पुसत आल्या. चारही झाडांचे तुरे त्यांनी उलटेपालटे करून पाहिले, वास घेतला आणि पेपर तपासल्यासारखं तोंड करून सांगितलं, "नेवेन्काची. यात शंकाच नाही."

"संपलं," यूरे म्हणाला. त्यानं राकियाचे, फळांच्या कडक दारूचे, तीन पेले भरले. "समुद्राचं नाव आता तोंडातून निघणार नाही. अभिनंदन, म्हातारे."

नेवेन्कानं पेल्याला हात लावला नाही. फांदी बाजूला करून तिनं आतले देठ दाखवले. "हे कुणी कापलंय?"

"ससा असेल."

"ससा तिरकं कापतो? नखाएवढा देठ राखून? ग्वेंडा, पैज पानं खुडायची की नाही याची होती. माझी झाडं खुडलेली आहेत. म्हणजे खुडणं जिंकलं. मी हरले."

"काहीतरी बोलू नकोस," यूरे भडकला. "मी पैज मोडली. दुसऱ्याच्या झाडाला हात लावला. मी बाद."

"तू जिंकलास म्हणतेय ना."

"मी हरलोय. माझी झाडं बघ, डोळे फुटलेत का?"

"माझ्या शाळेत," ग्वेंडाबाई म्हणाल्या, "पोरं जिंकायला भांडायची." आपला पेला रिकामा करून त्या घरी निघून गेल्या.

दोघं बाकावर बसले. यूरे गुडघे चोळत होता. "तुझी झाडं कुजली असती," तो शेवटी म्हणाला. "सिडनीहून येऊन तू ती पाहिली असतीस. ते मला बघवलं नसतं."

"गाढवा," नेवेन्का म्हणाली आणि डोळे पुसले. "ब्रांकोला फोन लाव. तळमजल्याचं घर हवं म्हणावं. एकही पायरी नको. आणि अंगण उत्तरेला, उन्हाचं."

"अंगण कशाला? तिथे लावता येत नाही."

"टोमॅटो लावता येतात ना?"

यूरेच्या उजव्या हाताची दोन बोटं कात्रीसारखी हलली. नेवेन्कानं ते पाहिलं. ती उठली, वाफ्यातली सुतळी सोडवली, नीट गुंडाळली आणि न्यायच्या सामानात पहिली तीच ठेवली.